ट्रेमधला कापूस

शुक्रवार, दिवेलागण

आज फार थकलो. सीडी प्लेअरचा ट्रे महिनाभरापासून अडकून राह्यला होता. रोज बायकोवर चिडलो, "तू बोटानं ढकलते, म्हणून बिघडला." आज खोलला, तं आतल्या रबरी पट्ट्याले कापसाचा पुंजका गुंडाळलेला. भाव वाढंल म्हणून मीच या खोलीत छतापर्यंत कापूस भरला. गोठ्यात ठेवा, म्हणत होती ती.

पुंजका काढल्यावर ट्रे सरकन बाहेर आला. ती हरखली. "चुकलंच माह्यं. आता याले बोटबी लावत नाही."

तेव्हाच सांगायचं होतं. काहून नाही सांगितलं? थकलो होतो म्हणून? मंग पुंजका मुठीत कायले लपवला?

अजून खिशातच आहे. सदरा धुवायले तीच घेईल.