कात्री माझी, पेटी तिची

मंगळवार, संध्याकाळ

हात दुखतोय, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या अश्विनीला आज नाशिकला कॉलेजात वर्गापुढं बोलायचं होतं. देश एकमेकांशी व्यापार का करतात, असा धडा. चार दिवस घोकत होती नि रडत होती. "एखाद्या देशाला सगळंच चांगलं बनवता येतं, तर तो दुसऱ्याकडनं घेतो कशाला? नाही कळत, आई."

मी वैतागले. "अगं, द्राक्षाच्या शेडवर मी आणि सुनंदा काय करतो? घडातले खराब मणी कात्रीनं काढायला मी तिच्या दुप्पट. पेटी भरायलाही जराशी पुढंच. म्हणून दोन्ही मीच करू? कात्री माझी, पेटी तिची. तेव्हा कुठं दिवसाला जास्त पेट्या निघतात."

पोरीनं पुस्तक पुढं ओढलं. "आई, पुस्तकात हेच लिहिलंय गं!"

मग एवढं जाड पुस्तक कशाला, कोण जाणे.

आज तेच बोलली. सरांनी विचारलं, उदाहरण कुठलं? म्हणाली, "माझ्या आईचं. ती द्राक्षाच्या शेडवर कात्री चालवते."

सगळ्या वर्गापुढं! प्रवेशाच्या फॉर्मवर हिनंच लिहिलं होतं, आई गृहिणी. तेवढं वाचता येतं मला. तेव्हा लागलं नव्हतं का? लागलं होतं.

आज हसत हसत सांगत होती, तर मी नुसतं "आधी जेव" म्हटलं.

उद्या सुनंदाला सांगते. विचारेल, "माझ्या पेटीचं नाव घेतलं का?" घेतलं, बाई. पण कात्रीचं आधी.