तुम्ही वर केलेलं एक बोट

बाबा,

तुमच्याशी मराठीत बोलून इतकी वर्षं झाली की पहिलंच वाक्य जमेना. आईशी मी शेवटपर्यंत मराठीतच बोलत होते, रोज, आमटीत मीठ जास्त पडलं इथपासून सगळं. त्यामुळे भाषा गंजलेली नाही, ती फक्त तुमच्यासाठी बंद होती. आज उघडतेय ती भांडायला, उगाच गैरसमज नको. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बोलू नये ना? मग लिहिते.

निमित्त काय, तर रविवारी फिरायला गेले आणि मैदानावर तो खेळ चाललेला दिसला. तोच, लंबूचा, अंड्यासारख्या चेंडूचा, चार खांबांचा. इथे स्टुटगार्टात आता मुलीसुद्धा खेळतात तो. एका पोरीने चेंडू मारला, उंच खांबांच्या मधून सरळ गेला, आणि खांबांमध्ये उभ्या असलेल्या पंच बाईने दोन्ही हात पुढे करून दोन बोटं दाखवली, एकेका हाताचं एक. गोल. झालं, संपलं. कुणाला काही विशेष वाटलं नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्या बाईने भर मैदानात जर्मनमधून शिवी हासडणं बरं दिसत नाही, म्हणून घरी आले आणि कागद काढला.

आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर आठवतं का? चढावरचं घर, तिसरा मजला, थंडीत आतून ओली होणारी खिडकीची काच. तुम्ही तांत्रिक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत धातूच्या कांबी ताणून तोडायचात. डॉक्टरेट संपवून तिथेच चिकटला होतात आणि मला नि आईला पुण्याहून बोलावून घेतलं होतंत. तुमच्या प्रयोगशाळेतला तो ऑस्ट्रेलियन दर रविवारी संध्याकाळी जेवायला यायचा. चौकटीतून वाकून आत यावं लागायचं त्याला, म्हणून आईने त्याचं नाव लंबू ठेवलं. आई इथल्या काळ्या पिठाची थालीपिठं थापतेय, लंबू चार खाऊन पाचव्याकडे बघतोय, आणि टेबलावर दोन उंच बाटल्या मधे नि दोन बुटके पेले कडेला. बाटल्यांच्या मधून चेंडू गेला तर गोल, सहा गुण, पंचाची दोन बोटं; बाटली नि पेला यांच्या मधून गेला किंवा खांबाला नुसता घासला तरी एक गुण, एकच बोट. चुकलं तरी एक गुण मिळतो असा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग त्याच्या गावचा तो सामना सुरू व्हायचा. मेंढ्या जास्त नि माणसं कमी असलेलं गाव, त्यांचा संघ अंतिम सामन्यात हरलेला. लंबू तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होता. शेवटचा चेंडू खांबात उभ्या असलेल्या पंचाने एकाच बोटावर काढला, गोल दिला नाही. वारा फिरला नसता तर? पुढच्या फळीतल्या गड्याने आदल्या दिवशी दाढ काढून घेतली नसती तर? पंचाच्या डोळ्यांवर ऊन नसतं तर? तो पंच गावचा बेकरीवाला होता आणि पुढे अर्ध्या गावाने त्याचा पाव घेणं बंद केलं. हे ऐकून आई पोट धरून हसायची. तुम्ही मात्र गणिताची मोजपट्टी काढायचात. आल्झो, म्हणजे तर मग, म्हणायचात, चेंडूचं चामडं ओलं होतं असं धरू. दोघं थालीपीठ गार होईपर्यंत भांडायचात. दर रविवारी तो सामना नव्याने खेळला जायचा आणि कित्येकदा तुम्ही त्याच्या गावाला जिंकूनही दिलंत. हे लक्षात ठेवा, मी पुढे याच्यावर येणार आहे.

मी चौदा वर्षांची होते त्या शरदात लंबूने खरोखरचा सामना ठरवला. गेर्लिंगेनच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरून वर गेलं की सफरचंदांच्या झाडांपलीकडे कुरण होतं. एका बाजूला प्रयोगशाळेतले परदेशी, दुसऱ्या बाजूला जर्मन. खांब म्हणून वासे आणले होते, बिअरमध्ये घालतात त्या होपचे वेल चढवायचे. सामना अर्ध्यावर आला की खायला आईने रव्याचे लाडू दिले होते. खांबातला पंच पांढरा कोट घालतो असं लंबू म्हणाला, म्हणून तुम्ही प्रयोगशाळेतला तुमचा कोट घेतला होता. आयत्या वेळी इजिप्तचा एक मुलगा तापाने आला नाही. लंबूने माझ्याकडे बघितलं. अंगणात त्याच्याबरोबर चेंडू मारून मारून माझ्या पायाला सवय झालेली त्याला माहीत होती. तुम्ही कोटाची बटणं लावत म्हणालात, खेळू दे, खांबात मीच आहे, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, बाबा आहेत.

शेवट तर तुम्हाला पाठ असेल. आम्ही पाच गुणांनी मागे. लंबूने लांबून उडवलेला चेंडू मी छातीवर झेलला, आणि तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. चेंडू झेलून हातात असला तर घंटेनंतरही एक लाथ मारायला मिळते, असा नियम. सगळे जागच्या जागी थांबले. कुरणात फक्त मी आणि समोर तुम्ही. पांढरा कोट, हात मागे बांधलेले, अगदी वर्गात उभे असावेत तसे. मी मारला. उंच गेला, दोन्ही उंच वाशांच्या मधून, आणि तुमच्या डोक्यावरून पलीकडे झाडांत पडला. तुम्ही मान वर करून तो जाताना पाहिलात. मग गवताकडे पाहिलंत आणि उजवा हात पुढे करून एक बोट दाखवलंत.

लंबू हसला, त्याला थट्टा वाटली. जर्मनांचा कप्तान स्वतः पुढे आला आणि म्हणाला, हेर डॉक्टर, आम्हाला तर गोल वाटला. गोल दिला तर हरणारी माणसं सांगत होती, बाबा. तुम्ही स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलंत की वाशाला घासला, मी जवळून पाहिलं. हेर डॉक्टरांनी पाहिलं म्हटल्यावर विषय मिटला. सगळ्यांनी हात मिळवले आणि लाडू संपवले. तुमच्या कडक पंचगिरीचं फार कौतुक झालं.

ट्रामने परत येताना तुम्ही माझ्या शेजारी बसलात. कोट घडी घालून मांडीवर. ट्राम माणसांनी भरलेली होती, आणि आपली भाषा कळणारं त्यात कुणी नव्हतं. तेव्हा तुम्ही अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालात, "गोलच होता. परक्या कुणाचा असता तर दिला असता. पण तू माझी मुलगी आहेस."

वर मला आजोबांची गोष्ट सांगितलीत. ते हेडमास्तर, तुम्ही त्यांच्याच शाळेत, आणि पहिला नंबर तुमचा येत असताना त्यांनी तुमचे गुण कापून तो दुसऱ्या मुलाला दिला. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. ही गोष्ट तुम्ही घरातला दागिना दाखवावा तशी दाखवायचात. मी विचारलं, पण जर दिला असतात तर आपण जिंकलो असतो ना? तर तुम्ही हसून म्हणालात, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." वा, बाबा. लंबूच्या गावासाठी मोजपट्टी आणि माझ्यासाठी आत्याबाई.

खोटं बोललात ते सगळ्यांसमोर, जर्मनमध्ये. खरं बोललात ते कुणाला कळणार नाही अशा भाषेत. मी ट्राममधून उतरतानाच ठरवलं की ही दुसरी भाषा तुमच्याशी बोलायची नाही. त्या रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, पाणी दे गं. मी पाणी दिलं आणि जर्मनमध्ये म्हटलं, हे घे. तुम्ही चमकून वर पाहिलंत. मराठीत तुम्हाला आयुष्यभर अहो बाबा, तुम्ही, असं म्हणावं लागलं असतं. जर्मनमध्ये बापाला तू म्हणतात, अख्खा देश म्हणतो, तक्रार करणार कुणाकडे? दर वेळी तुमच्या कपाळावर आठी यायची. खरं सांगते, मला फार गोड लागायचं ते. आई म्हणायची, अगं, सोड आता, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसं चाललंय तुझं. मी म्हणायचे, पीळ कुणाचा आहे ते बघ ना आधी.

तरी कदाचित सोडलं असतं मी. पण दोन वर्षांनी तुमच्याच विद्यापीठाच्या कार्यशाळेत शिकाऊ मुलाची एक जागा निघाली आणि मी अर्ज केला. मला कांबी तोडायच्या होत्या, दुसरं काही नको होतं. परीक्षेत माझं काम चांगलं झालं, हे कार्यशाळेच्या मास्तरांनीच मला सांगितलं. निवडणारे तिघे: प्रोफेसर, ते मास्तर आणि तुम्ही. मास्तर माझ्या बाजूने होते, प्रोफेसर दुसऱ्या एका मुलाच्या. तुम्हाला बाहेर बसता आलं असतं. माझी मुलगी आहे, मी मत देत नाही, एवढं म्हणायचं होतं फक्त. तुम्ही आत बसलात आणि त्या मुलाच्या बाजूने हात वर केलात. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून तुमचं नाव झालं, आणि मी दाताच्या डॉक्टरकडे टेबलामागे बसून जन्मभर लोकांना म्हणत राहिले, पुढचे या. किती जबडे सुजलेले पाहिले, पण दुखणाऱ्या दाढेमुळे कुठला संघ हरला ते मला कधीच विचारता आलं नाही.

आता दवाखान्याबद्दल. तुमचं हृदय दुसऱ्यांदा थांबायला आलं होतं. मी बाविशीची होते. आई खाली कॉफी आणायला गेली होती. तुम्ही हात हलवून मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "बरोबर केलं ना मी? एकदा मराठीत सांग." म्हणजे तुमच्याही मनात होतं. इतकी वर्षं होतं. मी तुमची चादर नीट केली आणि जर्मनमध्ये म्हटलं, झोप आता. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात.

त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. आणि झाला असला तरी तुम्हाला तो कळवण्याची गरज मला वाटत नाही. तुम्ही प्रश्न विचारलात, उत्तर मिळालं नाही, तसंच गेलात. मी गोल मारला, मिळाला नाही, तशीच राहिले. फिट्टंफाट.

पण तुमच्या मागे मी जर-तर पुष्कळ केलं, आत्याबाईला न जुमानता. पोळ्या लाटताना, ट्राममध्ये, दाताच्या डॉक्टरच्या टेबलामागे. लंबूने त्याच्या गावचा सामना खेळला तसा मी माझा खेळले. जर मी डाव्या पायाने मारला असता? जर घंटा आधीच झाली असती? जर त्या इजिप्तच्या मुलाला ताप आला नसता आणि मी कडेला बसून लाडू वाटले असते? जर आजोबांनी तुम्हाला तुमचा पहिला नंबर देऊन टाकला असता? हा शेवटचा माझा आवडता, त्यात खूप लांबपर्यंत जाता येतं. जर आपण पुण्यातच राहिलो असतो? सगळं करून झालं. वारा बदलला, गवत वाळवलं, कुरण हलवलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. राख आईने नाशिकला नेली, आणि गोदावरीला टपाल जात नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं. मराठी अक्षर बघून तुम्हाला वाटलं असतं की मी माफ केलं.

एकच गोष्ट कबूल करते, तीही कागद इथेच राहणार आहे म्हणून. सगळ्यात सोपा जर-तर मी कधीच केला नाही. तो पांढरा कोट दुसऱ्या कुणाला घातला असता, त्या कप्तानाला, आईला, अगदी लंबूच्या गावच्या बेकरीवाल्यालासुद्धा, तर तो गोल होता आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मला ते सुचलंच नाही असं नाही. पण दर वेळी चेंडू झाडांत पडतो तेव्हा खांबात तुम्हीच असता, उजवा हात पुढे आलेला असतो, आणि मी धापा टाकत अजून मागेच राहिलेल्या तुमच्या डाव्या हाताकडे बघत उभी असते.