खंदकातल्या वामी

२३ ऑक्टोबर १८८८
पोचले एकदाची! लिंडनच्या झाडांची लांबच लांब रांग, हिरवट पाण्याचा खंदक, मध्ये लाल विटांची ऐसपैस हवेली, आणि तिथली नवी स्वयंपाकीण मी! खुद्द बाईसाहेब म्हणाल्या, खंदकातल्या वाम माशांची मेजवानी नीट पार पाडलीस तर लेकीलाही इथेच आणून ठेव. माझी दाग्नी जावेकडे अर्धपोटी निजते. आबेलोने नावाची जुनी मोलकरीण भारी चेष्टेखोर. म्हणाली, हाडं मोजता येतात गं तुझी, वर्षभरात दारात मावायची नाहीस बघ.

२६ ऑक्टोबर
शी! खंदकातल्या वामी सोलल्या. मनगटाएवढ्या जाड. एकीचं पोट चिरलं तर आतून केसांचा पुंजका निघाला. पिवळे, लांब. त्यात अडकलेलं नख. राखेने हात घासघासून सोलवटले, तरी वास जात नाही. आबेलोने हसतच सुटली. म्हणे, अगं, त्या वारलेल्या धाकट्या बाईसाहेब असतील! चारशे वर्षांत या घराण्यात कुणाला चर्चच्या मातीत पुरलेलंच नाही. हवेलीचं माणूस हवेलीच्याच खंदकात. चाकरांनाही तोच मान म्हणे!
आत्ताच्या आत्ता चालतं व्हावं असं वाटलं. पण दाग्नीचं काय?

२८ ऑक्टोबर
मेजवानी झाली. वाम खाताना काटे ताटाच्या काठाने मांडत जायचे, गोल पुरा झाला की पोटभर जेवलात, ही आमची सगळीकडचीच रीत. पण इथे बाईसाहेब समोर बसून माझा गोल पुरा करून घेत होत्या. नाही म्हणाले असते तर दाग्नीचं येणं बुडालं असतं. खाल्लं. गिळगिळीत, गोडसर. शेवटचा काटा कसला, बोटाचं पेर होतं ते! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

३० ऑक्टोबर
उमासे येतात, पडत काहीच नाही. पोटात वळवळ. पळायला निघाले, तर पुलावर पाय उचलेना. आबेलोने म्हणाली, गोल पुरा केलास ना बाई, आता आमचीच झालीस. आणि दाग्नीला आणायला गाडी गेलीसुद्धा! येऊ नकोस म्हणून निरोप — कोणी नेईना —

१ नोव्हेंबर
आली. बाईसाहेबांनी लगेच पानावर बसवलं. भुकेली पोर. काटे मांडतेय, हसतेय. अर्धा गोल झालाय. खाऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं — आतून केस आले. नुसते केस —
दाग्नी, वाचता येतं ना तुला? हे वाच. ऊठ. पळ. डाव्या हाताने लिहितेय —
म्हणतेय, आई, अजून वाढ ना —
माझा उजवा हात तुला वाढतोय गं, थांबत ना—