वाघाच्या डोक्याचा राक्षस

रविवार, ४ फेब्रुवारी

वाघाचं डोकं! राक्षसाला वाघाचं डोकं, अंगात कोट आणि हातात चिलीम! चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, असला राक्षस एकाही पुराणात भेटला नाही. बाकीची पिशाच्चं तर नंबरानं — पहिल्या प्रतीचं, दुसऱ्या प्रतीचं — बाजारातली मिरची जशी!

आणि हे राक्षस-पिशाच्चांच्या चित्रांचं इंग्रजी खेळाचं पुस्तक घरात शिरलं ते माझ्याच कृपेनं. माझ्याकडे व्याकरण शिकायला येणारा एक परदेशी विद्यार्थी जाताना टाकून गेला होता. हिमानी आठ वर्षांची असताना चित्रं बघायला मीच तिच्या हातात दिलं. घ्या! आता एकोणतिशीची झाली, बँकेत नोकरी करते, आणि दर रविवारी बाहेरच्या खोलीत मित्रमंडळी जमवून त्या पुस्तकावरून लुटुपुटूच्या लढाईचा खेळ मांडते, फासे टाकते. ते सगळे वीर होतात, ही राक्षस होते.

सोमवार, ५ फेब्रुवारी

"जेवलीस का?" — "खा लिया, बाबा." या हिंदी गावात, घरात आम्ही दोघंच, आणि मराठी बोलणारा मी एकटा.

रविवार, ११ फेब्रुवारी

चुकलं माझं. पण किती ऐकून घ्यायचं?

हा राक्षस म्हणे फक्त मंतरलेल्या बाणानं मरतो. तिचा मित्र कुणाल म्हणाला, "तीर पर मंत्र पढ़ दिया, चलाता हूँ." मला आत बसवेना. बाहेर येऊन म्हटलं, संकल्प कुठाय? देश-काल-गोत्राचा उच्चार नको? कुणालनं गोत्र सांगितलं. सुरुची खेळात बुटका योद्धा झालेली. म्हणते, "चाचाजी, बौने का गोत्र नहीं होता!" म्हटलं, ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं कश्यप. मग आचमन शिकवलं, तेही पाऊण तास. बाण सुटलाच नाही, पोरं घड्याळ बघत उठून गेली.

हिमानी दार लावून वळली. "बाबा, ये खेल है, आपकी क्लास नहीं. अगले संडे से कुणाल के यहाँ, रामनगर में." आणि फासे गोळा करता करता — "मैं भी अपने लिए कमरा देख रही हूँ."

मंगळवार, १३ फेब्रुवारी

अबोला. चहा आणून ठेवते, कप आपटून. नदीवर राजा घाटापर्यंत गेलो, पायऱ्या न उतरताच परतलो.

शनिवार, १७ फेब्रुवारी

ती बँकेत गेल्यावर तिची खेळाची वही उघडली. लाज वाटते लिहायला, पण उघडली.

वाघ वगैरे काही नाही! तिचा राक्षस वीरांना दिसतो तो असा: "म्हातारे गुरुजी. धोतर, नाकावर घसरलेला चष्मा. बोलण्याआधी तीनदा खाकरतात. कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत." आणि हे सगळं मराठीत! चार महिन्यांत माझ्याशी चार वाक्यं मराठीत बोलली नाही, पण मला राक्षस करायला मराठी आठवली.

पोटच्या पोरीनं राक्षस केलं. दुपारभर रडू येत राहिलं. जाऊ दे म्हणावं, बघ तुझी खोली!

रविवार, १८ फेब्रुवारी

दहालाच गेली रामनगरला. दुपारचा वरणभात एकट्यानं. जाऊ दे म्हटलं खरं, पण ती गेली तर या घरात मी कुणाचं वाक्य तोडू?

राग काही जाईना. लाल पेन घेऊन ते जुनं पुस्तक काढलं — त्या वाघतोंड्यावर काट मारायची, दुसरं काय!

रविवार, संध्याकाळ

इतकी वर्षं नुसतं चित्रच बघत होतो. खालचा मजकूर आज पहिल्यांदा वाचला. हा राक्षस समोरच्याच्या मनात डोकावतो, आणि त्याचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास असेल, त्याचंच रूप घेऊन येतो.

तिच्या वहीतला तो घसरलेला चष्मा आठवला; काट मारली नाही. ती यायच्या आत पुस्तक होतं तसं ठेवून दिलं पाहिजे.