मास्तरचा ‘येतो’

२ जून
सूनबाईचं फर्मान: बाबा, चार माणसांत मिसळा, नाहीतर डोकं गंजेल. हे मला सांगते! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांचे कॉल जोडून दिले मी. तरी संकल्प केला. आजपासून आणखी मिसळायचं.

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या रिटायर्ड गणित मास्तरबरोबर कॅरम. मित्र हा एकच. बाकीचे बिनडोक आहेत. खेळताना काहीतरी लांबण लावत होता. लेक, सामान, ट्रक. कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये, लक्ष राणीवर. हं हं म्हणत राणी घेतली, कव्हरसकट. मास्तरचं तोंड एवढंसं झालं. हरला की असंच करतो.

४ जून
दुपारी मास्तरचा मेसेज. एकच शब्द: ‘येतो.’ लगेच बोर्डाला पावडर मारली, दोन कप चहा टाकायला लावला. अंधार पडेपर्यंत पत्ता नाही. दोन्ही कप मीच प्यायलो. ॲसिडिटी.

५ जून
आजही नाही. फोन नाही, सॉरी नाही. येतो म्हणून चक्क टांग दिली! मी अजिबात चिडलेलो नाही. फक्त त्याला ब्लॉक केलं. बटण शोधण्यात अर्धी सकाळ गेली, पण जिवाला गार वाटलं.

८ जून
सूनबाई विचारत होती, बाबा, मास्तरकाकांचं कळलं का. तिथल्या तिथे गप्प केलं. त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही, असं चिरंजीवांनाही बजावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टरकली असावीत.

११ जून
सूड, भाग दुसरा. मास्तरची जागा भरायची. ज्येष्ठांच्या क्लबात नाव घातलं. नवा पार्टनर रिटायर्ड बँकवाला. दर सोंगटीमागे आपल्या गोळ्यांची माहिती देतो. शून्यावर धुतला. त्याने शांतपणे पुढची गोळी गिळली. मास्तर असता तर पट्टी आणून अँगल मोजला असता. (आठवण वगैरे नाही. सुचलं म्हणून लिहिलं.)

१५ जून
क्लबच्या ग्रुपमधून मला काढलं! म्हणे मी भांडणं लावतो. बँकवाल्याला रडीचा डाव खेळतोस एवढंच म्हणालो होतो, तेही प्रेमाने. त्याला ब्लॉक. सेक्रेटरीला ब्लॉक. किराणावाल्यालाही, कारण तो हसला. आता फोन कसा शांत आहे.

१९ जून
अखेरचा घाव. भाषण पाठ केलं, मशीन कानात घातलं, थेट मास्तरच्या दारात. दार उघडलं एका अनोळखी बाईने, कडेवर मूल. सुटलो होतो, थांबवेना. येतो म्हणणाऱ्याने यावं, लाज वाटली पाहिजे, असं अर्धं भाषण तिलाच ऐकवून झालं. पोरगं रडायला लागलं.

मग ती म्हणाली, आजोबा, ते चार तारखेलाच गेले, लेकीकडे, कायमचे. ती घराची किल्ली घ्यायला आली तेव्हा मास्तर पायरीवर बसून कोणाला तरी मेसेज करत होते. ट्रकवाला हॉर्न मारत होता, तरी उत्तराची वाट बघत बसले होते म्हणे.

२० जून
येतो. म्हणजे निघतो. जातो असं कोणी म्हणतं का आपल्यात? आणि गाढवासारखा मी पावडर मारत बसलो. ‘या, मास्तर’ एवढंच लिहायचं होतं.

ब्लॉक काढला. ‘या, मास्तर’ पाठवलं. एकच टिक. त्याचा फोटोही गायब. सूनबाईला दाखवलं. ती चाचरत म्हणाली, बाबा, बहुतेक त्यांनीही तुम्हाला ब्लॉक केलंय. माझ्या फोनवरून लावून देऊ का?

लाव म्हणालो. मग नको म्हणालो. आधी त्याने फोन करावा.

संध्याकाळी बोर्ड काढला. दोन्हीकडून मीच खेळलो. मास्तर जिंकला.