एसटीच्या रंगाची सायकल

९ नोव्हेंबर, रविवार

अमळनेरहून आत्ताच आलो. अक्का खाटेवर होती, मागच्या वेळी होती तशीच. भाऊजी गेल्यापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही. सून वर्षा म्हणते, भाजीवाला दारात येऊन ओरडला तरी उठत नाहीत. मी तासभर बोललो. कापसाच्या भावावर बोललो, निवडणुकीवर बोललो. मुद्दाम चुकीचंही बोललो, म्हणजे ती तोडेल. माझ्या भाषणांची जन्मभर पिसं काढणारी माझी मोठी बहीण "हां" आणि "बरं" याच्यापुढे गेली नाही.

शेवटी माळ्यावरची भाऊजींची रेसची सायकल मागितली. दुरुस्त करून चालवतो म्हटलं.

"लई जाय. आते कोन चालाडस तिले?"

इतक्या सहज द्यायला नको होती. भांडायला हवं होतं.

११ नोव्हेंबर

सायकल अंगणात उलटी ठेवून पाहिली. बारीक पोलादी नळ्या. टिचकी मारली की घंटेसारखा आवाज. हल्लीच्या जाड नळ्यांना टिचकी मारा, पत्र्याचा डबा वाजतो. चाकं सरळ आहेत, छर्रे पार गेलेत, ब्रेकच्या वायरी हातात तुटून आल्या.

पण रंग! एसटीचा लालभडक ऑइलपेंट, तोही ब्रशने. ओघळ जागच्या जागी सुकलेले. ब्रशचा एक केस रंगात रुतून कायमचा बसलाय. भाऊजी एसटीत ड्रायव्हर, म्हणून कुणीतरी हौस भागवली असणार. वर हँडल उलटं! रेसच्या सायकलीची शिंगं खाली वळलेली हवीत, ही आकाशाकडे. शैला बघून म्हणाली, "अहो, छान दिसतंय की. चिडलेल्या बैलासारखं. घरात एक आहेच, आता जोडी झाली."

१४ नोव्हेंबर

लालाखाली आकाशी निळा! रंग काढायचं औषध लावून पत्रीने खरवडत होतो. पुढच्या नळीपाशी आधी नखाएवढा दिसला, मग बोटभर, मग वीतभर. पांढरा बारीक पट्टासुद्धा शाबूत. इतकी वर्षं हा रंग खाली गुदमरून पडला होता. शैलाला हाका मारून बोलावलं आणि तिथेच इतिहासावरच्या पुटांबद्दल बोलायला लागलो.

"जोरात कशाला सांगता? सायकलीला कान नाहीत, आणि मी इथेच उभी आहे."

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळा लाल गेला. हँडल सरळ केलं. शिंगं खाली. नवे छर्रे, नवी चेन. सत्तावीस इंची टायर जळगावात मिळेनात, शेवटी पिंप्राळ्याच्या उस्मानभाईने कुठल्याशा गोडाऊनमधून काढून दिले. "सर, ये माल अब नहीं आता. जपून चालवा."

गिरणेच्या पुलापर्यंत गेलो. काय चालते! रस्त्याचा खडा न् खडा कळतो, पण अंगाला लागत नाही. चढावर पायडलवर उभा राहिलो की नळ्या किंचित दबतात आणि पुन्हा पुढे लोटतात. माणसासोबत चालल्यासारखं वाटतं. या वयात पुलावर मोठ्याने हसलो. एक ट्रकवाला वळून बघत गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धुळे. 'वारसा' या विषयावर व्याख्यान. पहाटेच निघून एरंडोल, पारोळामार्गे सायकलवरच गेलो. थंडी, डोळ्यांतून पाणी. दोन चहा, एक केळं, पारोळ्याच्या पुढे पायात गोळा. सायकल तशीच ढकलत सभागृहात नेली आणि व्यासपीठावर उभी केली. टाळ्या आधी तिलाच पडल्या.

बोललो चांगलं. खोटी नम्रता कशाला. म्हणालो, "मित्रहो, या सुंदर देहावर कुण्या गाढवाने एसटीचा लाल रंग फासला होता! आपल्या समाजाचंही हेच झालंय. वरचा थर खरवडा. मूळ खालीच आहे, वाट बघतंय!" सभागृह उठून उभं राहिलं.

परत येताना एका मित्राच्या गाडीत सायकल टाकली. घसा बसलाय. झोप गाढ लागणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अक्काचा फोन. तिचा! तिने लावलेला!

धुळ्याच्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला. वर्षाने तिला दाखवला.

"बापू, गाढव कोनले म्हनस तू?"

मला कळेचना.

"तो रंग मी दिन्हा व्हता. मी! लगीन व्हयनं तवय. आनि तू स्टेजवर चढीसन चार लोकेस्ना पुढे माले गाढव म्हनस?"

म्हटलं, अक्का, अगं खाली मूळ निळा रंग—

"मूळ? मूळ तुनं डोकं!"

फोन आपटला. मी खुर्चीत बसलो. शैला विचारते, काय झालं, चेहरा असा का? म्हटलं, अक्का भांडली. जोरात भांडली. शैलाने चहा टाकला.

संध्याकाळी पुन्हा फोन लावला, तिने उचलला नाही, वर्षाने उचलला. वर्षा हळूच म्हणाली, "मामा, आज दोनदा अंगणात आल्या. तुम्हाला शिव्या देत होत्या."

२७ नोव्हेंबर

अक्का आली. आधी काही सांगितलं नाही. अमळनेरहून गाडीने आली, स्टेशनवरून रिक्षाने, रिक्षावाल्याशी भांडून. मला ओलांडून सरळ अंगणात.

"हाई कोनी सायकल शे?"

"तुझीच आहे, अक्का."

"मनी नही. मनी लाल व्हती."

मी समजावायला लागलो. कंपनीने बनवली तेव्हाचा हा रंग, असा आता कुठे बघायलाही मिळत नाही. तिने पदर खोचला.

"कंपनी, कंपनी! माले दांडीवर बसाडं का कंपनीनी?"

मग पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर बसली आणि सांगत गेली. भाऊजींनी ही सायकल धुळ्याहून कुणाकडून तरी जुनी आणलेली. निळा रंग जागोजाग उडालेला. बस लाल तर सायकलही लाल, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते नळ्या पुसून देत, ही नवी नवरी ब्रश मारी, हातात हिरवा चुडा. सासू ओसरीवरून ओरडत होती. मग सुटीच्या दिवशी दोघं बोरी नदीपर्यंत, ही दांडीवर आडवी बसून. गावात चर्चा. भाऊजींना पर्वा नाही.

मी विचारलं, पण हँडल उलटं का?

अक्का माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी शाळेत नापास झालोय.

"हँडल खाले व्हतं तं मी कोठे बसू?"

खरंच आहे. शिंगं खाली असली की चालवणारा वाकणार, दोन हातांच्या मधली जागा संपणार. ते हँडल तिच्यासाठी फिरवलेलं होतं. मी शर्यतीच्या शास्त्राने 'दुरुस्त' केलं.

आज एवढंच. पुढे लिहवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

लाल शोधायला बाजारात. मी समजत होतो लाल म्हणजे लाल. दुकानदाराने छटांचं पुस्तक उघडलं, त्यात लालांचं गाव. अक्काने ते पुस्तक काखेत मारलं आणि थेट बसस्टँड गाठलं. एकेका बसला पान लावून बघते. कंडक्टर म्हणाला, "आजी, कुठे जायचंय?"

"कोठेच नही. लाल देखी ऱ्हायनू."

नव्या बसगाड्या तिला पसंत नाहीत. अगदी कडेला एक जुनी उभी होती, तिला पान लावलं, मान हलवली. ड्रायव्हर खाली उतरून चौकशी करायला लागला. अक्काने भाऊजींचं नाव सांगितलं. तो ओळखत नव्हता, पण टोपी काढून उभा राहिला. येताना रिक्षात ती त्या पानात बोट घालून बसली होती.

२ डिसेंबर

उस्मानभाई मुद्दाम आला. "अक्का, स्प्रे मारून देतो. एकदम आरसा."

"आरसा घरमा शे."

ब्रशनेच दिला. मी ओघळ टाळण्याबद्दल दोन शब्द सांगू लागलो, लांब हात, एकाच दिशेने—

"भाषन नको. डबा धर."

दिवसभर डबा धरला. महाराष्ट्रभर बोललो, पण इतक्या थोडक्यात मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. ओघळ आले. मी पुसायला बोट पुढे केलं, तिने हातावर चापटी मारली. निळा नळीनळीने गेला. मला दुखलं, खोटं का लिहू. आकाशी रंगाचा शेवटचा तुकडा सीटखाली होता. तिथे ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "चांगला शे रं हाऊ बी." आणि ब्रश फिरवला.

५ डिसेंबर

हँडल पुन्हा उलटं केलं. रंग वाळतोय. अक्का आणि शैला अंगणात वांगी भाजतायत, काड्यांच्या धुराने डोळे लाल, आणि विषय मी. लहानपणी मी दगडावर उभं राहून शेळ्यांना भाषण देत असे, ही माहिती शैलाला आजवर नव्हती. आता ती जन्मभर वापरेल.

बोदवडहून फोन. "सर, आमच्याकडे तेच सायकलीचं द्या, धुळ्याला दिलं ते." म्हटलं, ते भाषण मी मागे घेतलंय. "मग दुसरा विषय?" म्हटलं, शोधतोय.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न तीन दिवस डोक्यात घोळतोय. कारखान्यातून बाहेर पडतं ते मूळ की माणसाच्या हाताखाली होतं ते? पूर्वी याचं उत्तर माझ्याकडे तयार असे. टाळ्यांसकट.

८ डिसेंबर, सोमवार

उद्या अक्काला परत सोडायचं ठरलं होतं. रंग वाळला, काम झालं. मला धाकधूक. पुन्हा ती खाट, पुन्हा ते "हां", "बरं". सकाळी चहा पिताना ती सायकलीकडे बघत होती.

"बापू, सीट खाले येस का रे?"

मला वाटलं पुसायची आहे. म्हटलं, मी पुसतो.

"पुसाले नही. माले बसाले."

शैलाचा कप हातातच राहिला. अक्का लहानपणी शेताच्या वाटेवर आमच्या वडिलांची, आबांची सायकल दांडीखालून पाय घालून चालवायची. चांगली चालवायची. लग्नानंतर कधीच नाही, नेहमी दांडीवर. आता सहासष्टावं चालू आहे. वर्षाला फोन करून पंजाबी ड्रेस पाठवायला सांगितलाय म्हणे. कालच!

"पडलात म्हणजे?" शैला.

"पडसू."

अमळनेरला जाणं रहित.

१० डिसेंबर

सीटची नळी गंजून आत घट्ट बसली आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण माझी उंची भाऊजींएवढीच, म्हणून हात लावला नाही. आता अक्काचे पाय वीतभर अधांतरी राहतात. गंज सुटायचं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी लाकडी हातोडा. हलत नाही. उस्मानभाईने मोठा पान्हा लावला, दोघं लोंबकळलो. सायकलच गोल फिरली, आम्ही तिच्यासोबत.

तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सर, गरम करना पडेगा. वेल्डरकडे. पण रंग जळेल. आणि निघेलच असं नाही. जोड तडकला तर फ्रेम गेली."

अक्काला सांगितलं नाही.

११ डिसेंबर

आणखी तेल. आणखी हातोडा. काही नाही. शैला म्हणते सांगून टाका. कसं सांगू? त्या रंगावरच ती उठून उभी राहिलीय. आगीची ज्योत लावायची त्याला?

१३ डिसेंबर, शनिवार

वर्षाने ड्रेस पाठवला. अक्का घालून अंगणात आली, ओढणी कमरेला बांधलेली. ओळखू येईना. मी उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. मग त्याच दमात भाषण सुरू. हा लाल आता परत मिळणार नाही, हे ओघळ, हा तिचा हात, अशा गोष्टीला आग लावणं मला पटणार नाही, मी होऊ देणार नाही—

अक्का हसायला लागली. तोंडावर ओढणी धरून, जुन्यासारखी, खांदे हलवत. शैला स्वयंपाकघरातून धावत आली.

"तू बठ्ठा रंग खरडी टाका, तवय तुले दुखनं नही. आते कसाले दुखस?"

मी म्हटलं, फ्रेमही तडकू शकते, अक्का. मग काहीच उरणार नाही.

ती हसायची थांबली. सायकलीपाशी गेली. दांडीवर हात ठेवून बराच वेळ उभी. मी काही बोललो नाही. शैला साक्षीला आहे.

"माळ्यावर व्हती तवय काय उरेल व्हतं?" मग म्हणाली, "जळू दे. डबामा रंग शे आजून."

उद्या सकाळी वेल्डर दुकान उघडतो, रविवार असूनही, उस्मानभाईच्या शब्दाखातर. मी आताच जाऊन त्या जोडावर बोट फिरवून आलो. तडा कुठे जाईल ते बोटाला कळतं, असा माझा समज आहे. काही कळलं नाही.

अक्काने ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलाय.