शेपट्या खाली

पनवेल, रविवार संध्याकाळ

माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस. दारासमोरच्याच भिंतीवर, वाळत टांगलेल्या बोंबलांचा, अगदी जवळून काढलेला मोठा फोटो. सकाळपासून सगळे त्याच्या रचनेचं कौतुक करत होते, मीही खूश. दुपारी करंजा गावाहून हिरामावशी आल्या. बोंबील त्यांचेच. बराच वेळ बघून हळूच म्हणाल्या, "उलटा लावलास गो बाय. बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात. शेपट्या खाली."

तीन दिवस त्यांच्या अंगणात बसून काढलेला फोटो, आणि मीच उलटा लावला? मग पाहिलं काय मी तिथे? शेपट्यासुद्धा नाही?

मावशींनी एका बाजूने फ्रेम धरली, दोघींनी फिरवून लावली.

"आता बरा हाय. कुनाला सांगत नाय मी."

त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मीच सांगितलं.